छोट्या मियाटात मोठं व्ही-८: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात १९९३ सालची माझदा मियाटा आहे. तिचं मूळचं १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन काढून मी शेवरलेच्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडरांचं इंजिन बसवलंय. नोकरी सांभाळून हे काम दोन हिवाळे चाललं. फोटो पाहिलेली मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. लोक ज्या क्रमाने विचारतात तोच क्रम ठेवलाय. खरं तर आधी डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं विचारायला हवं, पण ते आधी कुणी विचारत नाही.

मियाटाच का? कॉर्व्हेटच घ्यायची ना सरळ!

हा प्रश्न माझ्या मेहुण्याचा, आणि तो चुकीचा नाही. पैशांचा हिशेब मांडला तर जुनी कॉर्व्हेट, म्हणजे शेवरलेची मुळातच व्ही-८ असलेली स्पोर्ट्स कार, स्वस्त पडते.

पण मियाटा चालवलेल्या माणसाला ती सोडवत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली. दोन माणसांपुरती जागा, मागच्या चाकांना ताकद, वजन टनाच्या आत. माझदाच्या इंजिनिअरांनी तिच्यासाठी ‘जिनबा इत्ताई’ हे शब्द धरले होते. घोडा आणि स्वार एकजीव होणं, असा त्याचा अर्थ. वळणावर हे शब्द पटतात. चढावर मात्र घोडा धापा टाकतो, कारण १.६ लिटरचं इंजिन जेमतेम ११५ हॉर्सपॉवरचं आहे. हायवेच्या रॅम्पवरून ट्रकांच्या रांगेत शिरताना मी पाय फरशीला टेकवून देवाचं नाव घ्यायचो.

एवढं मोठं इंजिन एवढ्याशा गाडीत मावतं कसं?

गंमत अशी की लिटर म्हणजे सिलिंडरमधली पोकळी. बाहेरून इंजिन केवढं असेल हे त्यावरून कळत नाही. बाहेरचा आकार बराचसा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कुठे आहे यावर ठरतो.

आजच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट वर, सिलिंडर हेडमध्ये असतो. व्ही-८ ला हेड दोन, आणि प्रत्येकावर दोन म्हणजे एकूण चार कॅमशाफ्ट. त्यामुळे हेडं उंच आणि रुंद होतात. फोर्डचं ५ लिटरचं ‘कोयोटी’ इंजिन असं आहे. गुणी आहे, पण डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईसारखं दारातून आत यायला त्रास देतं.

जनरल मोटर्सने १९९७ मध्ये पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आणलं तेव्हा जुनीच रचना ठेवली. एकच कॅमशाफ्ट, तोही ब्लॉकच्या पोटात, क्रँकच्या वर. तिथून पुशरॉडच्या काड्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह. कागदावर हे तंत्र आजोबांच्या काळातलं वाटतं, पण त्यामुळे हेडं बुटकी राहतात आणि ५.७ लिटरचं, ३४५ हॉर्सपॉवरचं इंजिन आश्चर्य वाटावं इतक्या कमी जागेत बसतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून वजनही आटोक्यात. जगभरातले हौशी लोक या एलएस घराण्याच्या मागे लागलेत ते यामुळेच.

तरीही मियाटात ते जसंच्या तसं बसत नाही. पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन तोलून धरणारी खालची चौकट, बदलून पाइपची वेगळी लावावी लागते आणि स्टीअरिंगच्या दांड्याची वाट थोडी वळवावी लागते. गिअरबॉक्सच्या वरचा पत्र्याचा बोगदा मी हातोड्याने ठोकून रुंद केला. पहिला घाव घालताना हात थरथरला, विसाव्याला काही वाटलं नाही.

हे खूळ अमेरिकेतलंच ना?

अमेरिकेचं इंजिन आणि इंग्लंडचं अंग, असं म्हणा. इंग्लंडच्या एसी कंपनीची ‘एस’ ही देखणी गाडी होती. ब्रिस्टलची इंजिनं मिळेनाशी झाल्यावर १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने तिच्यात फोर्डचं व्ही-८ घातलं, आणि कोब्रा जन्मली.

मला जास्त आवडते ती सनबीम टायगर. साध्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं ४.३ लिटरचं व्ही-८ बसवून १९६४ पासून ही विकायला लागले. पहिला नमुना करण्यात शेल्बीचाही हात होता. जागा इतकी कमी की डाव्या बाजूच्या शेवटच्या स्पार्क प्लगला बोनेटमधून हात पोचत नाही, म्हणून कारखान्यानेच केबिनच्या भिंतीला भोक ठेवून त्याला रबरी बूच लावलं. प्लग बदलायचा तर गाडीत बसून बूच काढायचं! पुढे सनबीम बनवणारी रूट्स कंपनी क्रायस्लरकडे गेली. फोर्डचं इंजिन घालून क्रायस्लरची गाडी विकणं बरं दिसेना. क्रायस्लरचं स्वतःचं व्ही-८ होतं, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग, मागच्या बाजूला, आणि तिथे जागाच नव्हती. १९६७ मध्ये टायगर बंद पडली. एका डिस्ट्रिब्युटरपायी एवढं सगळं झालं. इंजिन घेण्याआधी त्याच्या चारी बाजूंना काय काय लटकतं ते बघा, असं मी म्हणतो ते यासाठी.

पुढून जड होऊन गाडीचा तोल जात नाही का?

जातो, पण लोकांना वाटतो तितका नाही. मियाटाचं मूळ इंजिन लहान असलं तरी त्याचा ब्लॉक बिडाचा आहे. इंग्लंडच्या एमजीबीची गोष्टही तीच. तिच्यात रोव्हरचं ३.५ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ घातलं, तर वजन मूळच्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या जवळपासच भरलं. कारखान्याने स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये अशा २,५९१ गाड्या केल्या.

माझ्या गाडीत एकूण वजन साधारण १४० किलोंनी वाढलं. त्यातला बराच भाग गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा, म्हणजे मधे आणि मागे. बॅटरी मियाटात मुळातच डिकीत असते, तिचीही मदत होते. पुढच्या स्प्रिंगा कडक घातल्या. तरी खरं सांगतो, घाटासारख्या सलग वळणांवर नाक पहिल्याइतकं चटकन वळत नाही. तो चपळपणा थोडा गेला, आणि अधूनमधून त्याची आठवण येते.

कुठलं इंजिन घ्यावं?

खिसा जड असेल तर एलएस३: ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर. नसेल तर पिकअपची ५.३ लिटरची इंजिनं बघा. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या यार्डात त्यांचा ढीग असतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यांतल्या बहुतेकांचा ब्लॉक बिडाचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण ४० किलो जास्त भरतो. मियाटाच्या नाकावर ते ४० किलो नकोत.

मी शोधलं ते एल३३. तेही ५.३ लिटरचंच, पण अ‍ॅल्युमिनियमचं आणि ३१० हॉर्सपॉवरचं. २००५ ते २००७ या काळातल्या काही मोजक्या पिकअपमध्ये आलं होतं. यार्डवाल्याला ते इतरांसारखंच एक वाटलं आणि मला नऊशे डॉलरला मिळालं. मी तोंड बंद ठेवलं.

पिकअपच्या इंजिनात दोन खोड्या असतात. पुढचे पट्टे, अल्टरनेटर, पंप हे सगळं बरंच पुढे आलेलं असतं. कॉर्व्हेटचे ब्रॅकेट आणि पुली घेतल्या तर सगळं ब्लॉकला चिकटून बसतं. दुसरी खोडी खालच्या ऑइल चेंबरची. तो पिकअपसाठी खोल केलेला असतो, मियाटात जमिनीला घासेल. तोही बदलावा लागतो.

मूळ गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ठेवून पैसे वाचवता येतील का?

नाही. इथे वाचवलेला पैसा पहिल्याच सिग्नलला रस्त्यावर सांडतो, तेलासकट.

मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १३५ न्यूटन-मीटरच्या आसपास. एलएस घराण्यातलं साधं इंजिनही त्याच्या तिप्पट-चौपट देतं. मियाटाचा गिअरबॉक्स गोड आहे, गिअर पडताना मनगट हलवलं तरी पुरतं; पण त्याचे दात असल्या ओझ्यासाठी घडवलेलेच नाहीत. १.६ च्या गाडीतलं डिफरन्शियल तर त्याहून नाजूक. माझदानेच १.८ लिटरचं इंजिन आणताना ते मोठं केलं होतं.

शिवाय गुणोत्तराचा प्रश्न आहे. मूळ डिफरन्शियल ४.३ चं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाची एक. लहान इंजिनाला पळवण्यासाठी ते ठीक, पण व्ही-८ ला लावलं तर पहिला गिअर टाकेपर्यंत संपतो.

माझ्याकडे आता कॅमेरोचा टी५६ हा सहा गिअरचा बॉक्स आहे आणि मागे कॅडिलॅक सीटीएसचं डिफरन्शियल. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते. ती काढून टाकावी लागते, आणि मग डिफरन्शियलला पकडून ठेवायला नवी फाउंडेशनं, म्हणजे बसवायचे आधार लागतात. अ‍ॅक्सल जाड, प्रोपेलर शाफ्ट मापाने करून घेतलेला. मी खरेदीची सुरुवात इथूनच केली. इंजिन सगळ्यात शेवटी घेतलं. उलट केलं असतं तर पुढे इंजिन चढवून मागे पैशांची वाट बघत बसलो असतो. अशा अर्धवट मियाटा विक्रीला निघालेल्या मी कितीतरी पाहिल्यात.

इंजिन एकट्याने उतरवता येतं का?

मी प्रयत्न केला, तीनदा. तिन्ही वेळा गिअरबॉक्स नंतर खालून जोडायचा विचार होता आणि तिन्ही वेळा आत हात जायला जागा उरली नाही.

दुसऱ्या वसंतात आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत माझी झटापट बघत होते. तिसऱ्यांदा इंजिन वर घेतलं तेव्हा म्हणाले, “अरे, दोघांचं बाहेरच लग्न लाव आणि जोडीने घरात पाठव. एकेकाला आत ढकलून तिथं कुठं सूत जुळवतोस?”

गिअरबॉक्स बाहेरच जोडला. क्रेनला साखळीची लांबी बदलायचा स्क्रू असतो, त्याने शेपूट खाली आणि नाक वर केलं, आणि अख्खं धूड तिरकं आत सरकवलं. बाबा शेपटाकडे, मी क्रेनच्या दांड्याशी.

मग त्यांनी आईला कणकेचा गोळा मागितला. मला कळेना. त्यांनी गोळा तेलाचा हात लावून स्टीअरिंग रॅकवर थापला, इंजिन फाउंडेशनवर टेकवायला लावलं, पुन्हा उचलायला लावलं. दबलेली कणीक सुरीने कापून पट्टीवर धरली. ९ मिलिमीटर. चेंबर आणि रॅक यांच्यात नेमकी तेवढी जागा होती. “चालू झाल्यावर इंजिन अंग झटकणार, हे कमी आहे,” म्हणाले. फाउंडेशनखाली ६ मिलिमीटरच्या चकत्या घातल्या. गाडीला आता तीन वर्षं झाली, चेंबरला एक ओरखडा नाही. आईने मात्र ती परात परत स्वयंपाकघरात घेतली नाही.

गरम होत नाही का?

झाली होती, आणि चूक माझीच.

एलएसच्या दोन्ही हेडांतून वरच्या बाजूला बारीक नळ्या निघतात. हेडात साठणारी हवा आणि वाफ त्यांतून रेडिएटरच्या वरच्या टोकाला किंवा टाकीत गेली पाहिजे. एवढ्याशा नळीने काय होतंय म्हणून मी त्या बूच मारून बंद केल्या. पार्किंगमध्ये गाडी तासभर चालली, काटा हलला नाही. जुलैत आय-९४ हायवेवर ट्रॅफिक तुंबला आणि काटा पाहता पाहता लाल रेघेला गेला. हेडात हवेचा फुगा अडकला होता. ट्रक बोलावून घरी आलो आणि त्याच रात्री नळ्या जोडल्या.

त्याखेरीज जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, दोन पंखे, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने बंद करणं. हवा आळशी असते. फट मिळाली की रेडिएटरला वळसा घालून जाते.

वायरिंगची भीती वाटते. जमेल का?

चार-चार वायरी बघितल्या तर जमतं, भेंडोळं एकदम बघितलं तर घाबरायला होतं. इंजिन चालायला लागणाऱ्या वायरी वेगळ्या काढा, बाकीच्या सोडा. पेट्रोलला सुमारे ४ बार दाब लागतो. मूळ पंपाचं ते काम नाही. १९९९ नंतरच्या कॉर्व्हेटच्या पेट्रोल फिल्टरमध्येच दाबाचा रेग्युलेटर असतो, तो लावला की एक काम संपतं.

इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या दोन गोष्टी सांभाळा. एक, क्रँकवरच्या दातेरी चकतीला जुन्या इंजिनांत २४ खुणांची रचना आहे आणि नंतरच्यांत ५८ ची. इंजिन एका पिढीचं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या पिढीचा असेल तर सेल्फ नुसता फिरत राहील. दुसरी, कंपनीची चोररोधक यंत्रणा कॉम्प्युटरमधून बंद करून घ्या. नाहीतर तुमच्याच गाडीचे तुम्ही चोर ठरता.

त्या काळच्या मियाटाचा स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि टी५६ विजेचा संकेत देतो. मधे एक यंत्र बसवावं लागलं. ते येईपर्यंत दोन महिने मी फोनवर वेग बघत चालवली.

खर्च?

गाडी सोडून मला जवळपास अठरा हजार डॉलर लागले, मजुरी शून्य धरून. इंजिन नऊशेचं होतं हे वर सांगितलंच. बाकीचे कुठे गेले ते मोजायला मी एकदा बसलो होतो. अर्ध्यात उठलो.

अ‍ॅव्हरेज किती देते?

मराठी माणूस आहे हे इथे कळतं! हायवेला सहाव्या गिअरात लिटरला १० च्या आसपास. गावात विचारू नका.

ब्रेक आणि टायर तेच ठेवलेत?

वेड लागलंय का? मूळचे टायर १४ इंची, १८५ रुंदीचे. चारही चाकांना मोठ्या डिस्क, १५ इंची रुंद चाकं, आणि गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून डोक्यामागे लोखंडी रोल बार. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरातही मागची चाकं सुटतात. पहिले सहा महिने पाऊस दिसला की मी बस पकडायचो.

कायद्याने चालतं का?

राज्याराज्यावर आहे. मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी नाही. पण धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे काढून टाकायला देशाच्या कायद्याने मनाई आहे, आणि मी ते ठेवलेत. कॅलिफोर्नियात मामला कडक: नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं हवं, त्याची धुराची सगळी उपकरणं बरोबर यायला हवीत, आणि सरकारी रेफरी बघून शिक्का देतो. विमा कंपनीला सगळ्यात आधी लेखी कळवा.

पुण्यात असं करायचं असेल तर?

करू नका. मियाटा भारतात कधी अधिकृतपणे विकलीच गेली नाही, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत करायचं म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर आणण्यासारख्या मोजक्या गोष्टींना परवानगी घेऊन मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांच्या तरुणपणी पेट्रोलच्या जीपमध्ये मॅटॅडोरचं डिझेल इंजिन टाकणं हा गॅरेजांचा रोजचा धंदा होता. मॅटॅडोर आकुर्डीत बनायची, इंजिनं सहज मिळायची. तिथे मात्र ताकदीसाठी कुणी बदलत नव्हतं. डिझेल स्वस्त होतं, एवढंच.

टर्बो लावून भागलं नसतं का?

भागलं असतं. दोनशे हॉर्सपॉवर पुरे असतील तर मूळ इंजिनालाच टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर जास्त हवा आत कोंबणारा पंप लावा, किंवा होंडाचं २.४ लिटरचं के२४ बसवा. ते वजनात हलकं, काम निम्मं, आणि गाडीचा चपळपणा शाबूत. माझ्या धाकट्या भावाला मी तेच सुचवलंय. स्वतः केलं नाही, कारण टर्बोची ताकद वाट बघायला लावते आणि व्ही-८ ची पायाखालीच असते. आणि आवाज. सकाळी गॅरेजात सेल्फ मारला की शेल्फवरचे पाने किणकिणतात.

जुन्या इंजिनाचं काय केलंत?

वर्षभर कोपऱ्यात चादरीखाली होतं. विकताना त्याचं वायरिंग, कॉम्प्युटर आणि सेल्फ एकत्र द्या. सुटं कुणी घेत नाही. माझं नेलं एका कॉलेजच्या पोराने, त्याच्या मियाटाचा क्रँक गेला होता. नटबोल्ट मी लोणच्याच्या चार बरण्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले होते, तेही दिले. दोन आठवड्यांनी त्याचा निरोप आला: गाडी चालू झाली, पण हीटर लावला की अजून कैरीचा वास येतो.